निनाद मांडवगणे : फलकावर काय लिहायचं?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त 27 फेब्रुवारी 2025 रोजी सोसायटीच्या सभागृहात झालेल्या कार्यक्रमात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



आज मराठी भाषा गौरव दिन. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. आत्ताच मुलांनी कविता म्हटल्या, छान म्हटल्या. कालच महाशिवरात्र झाली, त्यामुळे आज सगळ्यांची पोटं भरलेली आहेत, तेही बरंच आहे. मला दहा मिनिटं दिलीत. मी पंधरा घेणार, हे आधीच सांगून टाकतो.

कुसुमाग्रज नाशिकचे. मला आज ज्याच्याविषयी बोलायचंय तोही नाशिकचाच. आणि तो गेला तोही 27 फेब्रुवारीलाच. सहा वर्षं झाली आज. स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे. वय 33. वयानं तो माझ्या धाकट्या मुलाएवढा, म्हणून मी एकेरीत बोलतो. मान कमी आहे म्हणून नव्हे.

आता हा विषय आजच का? तर सोसायटीला 25 वर्षं झाली म्हणून आपण खालच्या खोलीत मुलांसाठी अभ्यासिका करतोय. तिथे निनादच्या नावाचा फलक लावायचा असं कार्यकारिणीनं ठरवलं. ठराव एकमतानं झाला. भांडण झालं ते फलकावरच्या मजकुरावरून. कागदावर लिहून आलं होतं, 'शत्रूशी दोन हात करताना धारातीर्थी पडलेले.' मी म्हणलं, हे मला मान्य नाही. लगेच दोघं-तिघं माझ्यावर चिडले. एक जण म्हणाले, काका, तुम्ही शहिदाचा अपमान करताय. मी त्या दिवशी घरी आलो, रात्री नीट जेवलोही नाही. म्हणून अध्यक्षांना म्हणलं, मला सगळ्यांसमोर बोलू द्या. मग तुम्ही काय ठरवायचं ते ठरवा.

आधी निनाद आपला कसा, ते सांगतो. नव्यानं राहायला आलेल्यांना कदाचित माहीत नसेल. टीव्ही सेंटरच्या पुढे एन-12 मध्ये सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. आपण सगळे एसपीआय म्हणतो. महाराष्ट्र सरकारनं 1977 साली ती सुरू केली. आपल्याकडे सैन्यात शिपाई म्हणून जाणारे घराघरात होते, पण अधिकारी म्हणून जाणारी मराठी मुलं कमी पडायची. म्हणून दहावीनंतर राज्यभरातून परीक्षा आणि मुलाखत घेऊन मुलं निवडायची, दोन वर्षं इथे ठेवायची, अकरावी-बारावीबरोबर एनडीएच्या परीक्षेची तयारी करून घ्यायची, अशी ही कल्पना. 2023 पासून मुलींसाठीही अशी संस्था नाशिकला सुरू झाली आहे. तर आपल्या सोसायटीतल्या ज्या मुली मघाशी तोंड वाकडं करत होत्या, त्यांनीही ऐकावं.

निनाद नाशिकच्या भोसला सैनिकी शाळेचा विद्यार्थी. तिथून तो अकरावी-बारावीला आपल्या या संस्थेत आला. म्हणजे सोळा-सतराव्या वर्षी हा मुलगा याच हडकोत राहत होता. मी त्याला ओळखत होतो असं अजिबात म्हणणार नाही. पण पहाटे फिरायला जाणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकानं ती पोरं पाहिलेली आहेत. बारीक केस, घामानं भिजलेली, ओळीत पळणारी. रस्ता द्यायला आपण कडेला सरकायचो. त्यातला एखादा 'सॉरी अंकल' म्हणत पुढे जायचा. ती सगळी तोंडं एकसारखी वाटायची तेव्हा. त्यातलंच एखादं निनादचं असणार, एवढंच मी म्हणतो.

बारावीनंतर त्यानं इंजिनिअरिंग केलं आणि 2009 साली हवाई दलात गेला. हेलिकॉप्टरचा वैमानिक झाला. गुवाहाटी, गोरखपूर आणि मग 2019 च्या सुरुवातीला श्रीनगर. लढाऊ विमानाच्या वैमानिकाचे फोटो पेपरात येतात, सिनेमे निघतात. हेलिकॉप्टरवाल्यांचं तसं नसतं. एमआय-17 हे हेलिकॉप्टर म्हणजे हवाई दलातलं कष्टाचं जनावर आहे बघा. जवानांची ने-आण, डोंगरावरच्या चौक्यांना रसद, जखमींना खाली आणणं, पूर आला की छपरावरची माणसं उचलणं. सगळी ओझी तेच वाहतं.

आता त्या दिवसाकडे येतो. 14 फेब्रुवारीला पुलवामात आपले 40 जवान गेले. 26 तारखेच्या पहाटे आपल्या विमानांनी बालाकोटला हल्ला केला. 27 ला सकाळी पाकिस्तानची विमानं आली, आकाशात लढाई झाली, विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांचं मिग-21 पडलं आणि ते पलीकडे सापडले. हे सगळं तुम्हाला पाठ आहे. त्याच सकाळी, दहाच्या सुमाराला, श्रीनगरहून एक एमआय-17 उडालं होतं. ते थोड्याच मिनिटांत बडगाम जिल्ह्यात गारेंद कलां गावाजवळ कोसळलं. आतले सहाही जण गेले. सिद्धार्थ वशिष्ठ, निनाद मांडवगणे, कुमार पांडे, विक्रांत सेहरावत, दीपक पांडे, पंकज कुमार. आणि खाली जमिनीवर त्या गावातला एक रहिवासी. एकूण सात.

आता मी काय केलं ते सांगतो. हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय पुढचं बोलण्याचा मला हक्क नाही. त्या सकाळी मी टीव्हीसमोर बसलो होतो आणि हातात मोबाइल होता. बडगामला विमान पडल्याची पट्टी आली. कुणीतरी एक जळणाऱ्या अवशेषांचा व्हिडिओ पाठवला, खाली लिहिलेलं, पाकड्यांचं विमान पाडलं. मी तो आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. वर फटाक्यांची चित्रं टाकली. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी अंगठे दाखवले. मी फटाके कशावर वाजवत होतो, ते मला संध्याकाळी कळलं. त्या धुरात आपली सहा माणसं होती, आणि त्यातला एक आपल्याच गल्लीतून पळत गेलेला पोरगा होता.

दुसऱ्या दिवशी रात्री त्याचं पार्थिव ओझरच्या विमानतळावर आलं. 1 मार्चला, शुक्रवारी, नाशिकमध्ये गोदावरीच्या काठी लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले. आईवडील, पत्नी, लहानशी मुलगी. त्याच दिवशी रात्री अभिनंदन वाघा सीमेवरून परत आले. अख्खा देश टीव्हीला चिकटून बसला होता, आनंदानं. तो आनंद खोटा नव्हता, व्हायलाच पाहिजे होता. पण एकाच दिवसात एक जण परत आला आणि एक जण राख झाला. आपण दुसऱ्याकडे बघायला विसरलो.

त्याच दिवशी निनादच्या पत्नीनं लोकांना सांगितलं होतं की समाजमाध्यमांवर युद्ध-युद्ध करू नका. युद्ध हवंच असेल तर स्वतः सैन्यात भरती व्हा किंवा घरातल्या कुणाला पाठवा, अशा अर्थाचं त्या बोलल्या. नवऱ्याच्या चितेची धग अजून विझली नव्हती, तेव्हाचं हे बोलणं. मी ते ऐकलं आणि मोबाइल उलटा करून ठेवला. तेव्हापासून मी ग्रुपवर 'शुभ सकाळ'शिवाय काही टाकत नाही, हे तुम्ही पाहताच. त्याचं कारण आज पहिल्यांदा सांगतोय.

पण खरी गोष्ट अजून पुढेच आहे. हेलिकॉप्टर कशानं पडलं? आधी सगळे म्हणाले, तांत्रिक बिघाड. मग कुजबुज सुरू झाली. चौकशी बसली. आणि 4 ऑक्टोबर 2019 ला हवाई दलाचे नवे प्रमुख, एअर चीफ मार्शल भदौरिया, यांनी पत्रकारांसमोर सरळ कबूल केलं. आपल्याच क्षेपणास्त्रानं आपलं हेलिकॉप्टर पडलं, ही आपली मोठी चूक होती, दोन अधिकाऱ्यांवर कारवाई होईल आणि असं पुन्हा होणार नाही याची काळजी घेऊ.

म्हणजे शत्रूशी दोन हात करताना नव्हे. आपल्याच हातानं.

हे असं कसं होऊ शकतं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. थोडं वाचलं. विमानात एक यंत्र असतं. जमिनीवरचं रडार रेडिओवरून सांकेतिक प्रश्न विचारतं, 'तू कोण?' आणि ते यंत्र आपोआप उत्तर देतं, 'मी आपला.' उत्तर आलं नाही की खालच्या माणसाच्या मनात शंका. त्या दिवशी त्या हेलिकॉप्टरवरचं हे यंत्र बंद होतं, असं चौकशीच्या बातम्यांमध्ये आलं. आता विचार करा. आकाशात खरोखर शत्रूची विमानं आलेली, सगळे टोकावर उभे, आणि पडद्यावर एक ठिपका. आपला की परका, हे ठरवायला काही क्षण.

मी आयुष्यभर विजेच्या कामात होतो, म्हणून हे मला जरा जास्त कळलं. आमच्याकडे परमिट नावाची गोष्ट असते. लाइनमन खांबावर चढायच्या आधी उपकेंद्रात कळवतो, तिथला ऑपरेटर फीडर बंद करतो, परमिट देतो. काम झालं की खाली उतरून तो परमिट परत करतो. ते परत आल्याशिवाय कुणी, कुणी म्हणजे साहेबानं जरी सांगितलं तरी, लाइन चालू करायची नाही. इतका साधा नियम. माझ्या उमेदीच्या काळात एका ठिकाणी तो पाळला गेला नाही. ठिकाण सांगत नाही. वादळानंतरची रात्र, गावं अंधारात, फोनवर फोन, वरून ओरडा. परमिट दोघांच्या नावावर होतं, परत एकाचंच आलं, आणि ऑपरेटरला वाटलं, सगळे उतरले असतील. त्यानं ब्रेकर टाकला.

तो लाइनमन माझ्याबरोबर डबा खायचा. आमच्या कागदावर काय लिहिलं गेलं माहितीये? 'निष्काळजीपणामुळे अपघात.' कुणाचा निष्काळजीपणा, ते लिहिलं नाही. वाचणाऱ्याला वाटावं, त्याचाच. त्याची बायको कित्येक महिने एकच विचारत राहिली, यांनी काय चूक केली होती हो? आम्ही खाली मान घालायचो. मीही घातली. एक ओळ खरी लिहिली असती तर त्या बाईला रात्री झोप लागली असती.

म्हणून मी फलकासाठी भांडतोय. निनादसाठी तर आहेच, त्या लाइनमनसाठीही आहे.

आपल्या महाराष्ट्रातलं दुसरं एक उदाहरण सांगतो. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ. 17 सप्टेंबर 2001 ला राजस्थानात सुरतगडहून रात्रीच्या वेळी मिग-21 घेऊन उडाला आणि काही क्षणांत विमान कोसळलं. ठपका आला तो वैमानिकावरच. त्याची आई, कविता गाडगीळ, यांनी ते मान्य केलं नाही. त्यांनी पत्रं लिहिली, प्रश्न विचारले, मिग विमानांच्या अपघातांवर देशाला बोलायला लावलं. 2003 साली संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस स्वतः अंबाल्याला मिग-21 मध्ये बसून उडाले, ते याच वादाच्या दिवसांत. तुम्ही 'रंग दे बसंती' पाहिला असेल. त्यातली गोष्ट सिनेमाची आहे, पण त्यातल्या आईचं दुःख या घरांमधून आलेलं आहे. आणि गाडगीळ दांपत्य नुसतं भांडून थांबलं नाही. त्यांनी पुण्यात मुलाच्या नावानं जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट काढली, वैमानिक होणाऱ्या मुलांना शिकवण्यासाठी. आपला गेला, दुसऱ्याचा जाऊ नये म्हणून.

बघा, त्या माउलीनं मुलाची खोटी स्तुती मागितली नाही. तिनं खरं कारण मागितलं. कारण खरं कारण कळलं तरच पुढचा वाचतो. आपल्या शहराला हे वेगळं सांगायला नको. 26 एप्रिल 1993 ला चिकलठाण्याहून उडालेलं विमान बीड रस्त्यावरच्या कापसाच्या ट्रकला धडकलं आणि 55 माणसं गेली. इथल्या जुन्या लोकांना तो दिवस आठवतो. त्याला 'दैवाचा घाला' म्हणून सोडून दिलं असतं तर विमानतळाशेजारचा तो रस्ता कुणाच्या लक्षातच आला नसता.

आता 'शहीद' या शब्दाविषयी. मला विचारलं गेलं, काका, आपल्याच लोकांच्या चुकीनं गेला, मग त्याला शहीद म्हणायचं की नाही? पहिली गोष्ट, सरकारी कागदात शहीद हा शब्दच नाही. सैन्याच्या कोणत्याही नियमात त्याची व्याख्या नाही. दुसरी गोष्ट, त्या सकाळी ते सहा जण हेलिकॉप्टरमध्ये बसले तेव्हा त्यांना माहीत होतं की आकाश धोक्याचं झालंय. तरी ते गेले. शौर्य तिथंच पूर्ण झालं. पुढे कुणाचं क्षेपणास्त्र लागलं यानं त्यांचं शौर्य एक गुंजभरही कमी होत नाही. सरकारनंही ते मानलं. 2020 मध्ये सिद्धार्थ वशिष्ठ आणि निनाद या दोघांना मरणोत्तर वायुसेना पदक मिळालं, शौर्यासाठी. ज्या हवाई दलानं चूक कबूल केली, त्याच हवाई दलाचं हे पदक आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मग आपण कशाला घाबरायचं?

आता शेवटचं. आणि हे जरा अवघड आहे.

आपल्याच सोसायटीतला एक मुलगा यंदा दहावीला आहे. नाव घेत नाही, सगळ्यांना माहितीये, आणि तो आत्ता खाली मान घालून बसलाय. त्याची परीक्षा सुरू झालीय, तरी तो आज आला. त्याला एसपीआयचा फॉर्म भरायचाय. त्याची आई मागच्या आठवड्यात माझ्याकडे आली. म्हणाली, भाऊ, तुमचं तो ऐकतो, त्याला समजावा. तुम्हीच त्या मांडवगण्यांचं सांगत असता. मला एकच आहे हो.

ताई, मी तुम्हाला त्या दिवशी उत्तर दिलं नाही. चहा पाजला आणि तुम्हाला परत पाठवलं. आज देतो. मी त्याला 'जाऊ नको' म्हणणार नाही. आणि तुम्हाला 'भिऊ नका' असंही म्हणणार नाही. ते खोटं होईल. भीती खरी आहे. मला नातू आहे, त्यानं फॉर्म आणला तर माझाही हात थरथरेल. पण त्या मुलाला सगळं माहीत असू द्या. शत्रूचा धोका असतो, यंत्राचा असतो, हवेचा असतो, आणि आपल्याच माणसाच्या चुकीचाही असतो. हे सगळं कळून जो फॉर्मवर सही करेल, तो पक्का. 'दोन हात करताना' एवढंच वाचून जो जाईल, तो एका सिनेमाच्या मागे गेलेला असेल.

आणि पोरा, तुला एक सांगतो. उद्या तू कदाचित वैमानिक होशील. कदाचित होणार नाहीस. निनादही बारावीनंतर लगेच गणवेशात गेला नाही, आधी इंजिनिअर झाला. तू कदाचित जमिनीवर त्या पडद्यासमोर बसलेला अधिकारी होशील. नाहीतर माझ्यासारखा उपकेंद्रात ब्रेकरवर हात ठेवून बसशील. तेव्हा समोरचा ठिपका कोणाचा आहे, परमिट परत आलंय की नाही, हे एकदा जास्त विचार. वरून कितीही ओरडा होऊ दे. तू विचारलेल्या त्या एका प्रश्नानं कुणाचा तरी निनाद संध्याकाळी घरी पोचेल. देशसेवा यातही तेवढीच आहे.

तर अध्यक्ष महोदय, माझा मजकूर असा आहे. मी वहीत लिहून आणलाय, वाचतो.

'स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे, वायुसेना पदक (मरणोत्तर). सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेचे माजी विद्यार्थी. 27 फेब्रुवारी 2019 रोजी बडगाम येथे कर्तव्यावर असताना, आपल्याच दलाच्या क्षेपणास्त्राने झालेल्या दुर्घटनेत पाच सहकाऱ्यांसह मृत्यू. त्याच घटनेत गावातील एका नागरिकाचाही मृत्यू झाला.'

एवढंच. 'धारातीर्थी' नाही, 'वीरगती' नाही. कुणाला कोरडं वाटेल. पण उद्या अभ्यासिकेत एखादा पोरगा पुस्तकातून मान वर करून हे वाचेल आणि घरी जाऊन विचारेल, 'बाबा, आपल्याच क्षेपणास्त्रानं म्हणजे काय?' तेव्हा बाबानं टीव्ही बंद करून त्याला नीट सांगावं. फलकाचं काम तेवढंच आहे.

मतदान घ्यायचं तर घ्या. माझा मजकूर पडला तरी मी रागावणार नाही, वर्गणीही बंद करणार नाही. फक्त ज्यांना जुना मजकूर हवाय त्यांनी एकदा मनात आणावं की हा फलक निनादच्या घरच्यांनी येऊन वाचला तर त्यांना कोणता बरा वाटेल. ज्यांनी आपलं माणूस दिलं, त्यांना आपण निदान खरं तरी द्यावं.

पंधराची वीस मिनिटं झाली, माफ करा. मुलांनो, खिचडी तयार आहे, पण आधी सगळे उभे राहा. दोन मिनिटं शांत. त्या सातही जणांसाठी.

जय हिंद. जय महाराष्ट्र.